डागडुजी कोणी करायची?

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. त्या बारांत कोल्हापूर जिल्ह्यातील पन्हाळा आहे. या घटनेचा आनंद महाराष्ट्राने साजरा केला आणि तो करणे योग्यच होते. परंतु यादीत नाव लागल्याने तट उभा राहत नाही आणि सत्काराच्या भाषणांनी बुरुजाचे ढासळलेले चिरे पुन्हा सांधले जात नाहीत. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत पन्हाळ्यावर जाणारा मुख्य रस्ता खचला आणि गडावरील लोकांचा नेहमीचा मार्ग तुटला, ही गोष्ट काही फार जुनी नाही. किल्ला बांधणाऱ्या राजांची नावे इतिहासात राहतात. पण किल्ला टिकतो तो पावसाळ्यापूर्वी तटात रुजलेले झाड उपटणाऱ्या, तळ्यातला गाळ काढणाऱ्या, पाण्याची वाट मोकळी करणाऱ्या माणसांमुळे. या माणसांना इतिहासात नाव नसते आणि अंदाजपत्रकात बहुधा जागा नसते.

प्रस्तुत लेखाचा विषय मात्र दगडी तटाची डागडुजी हा नाही. याच गडावर पन्हाळा तालुक्याची महसूल कचेरी आहे. कासारी आणि कुंभी या नद्यांच्या खोऱ्यांतील गावांतून सातबारा, आठ-अ, फेरफार आणि नाना प्रकारचे दाखले यांच्या कामासाठी माणसे गड चढून येतात. आज ही सारी कामे संगणकावर चालतात. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सुरू झाला. १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतात कोणते पीक उभे आहे, याची नोंददेखील शेतकऱ्याने स्वतःच मोबाइलवरून करावी, अशी ई-पीक पाहणीची पद्धत राज्यभर लागू झाली. पीक कर्ज, पीक विमा, महापुरानंतरची नुकसानभरपाई, वारसाची नोंद, मुलाच्या शिक्षणासाठी उत्पन्नाचा दाखला या सर्वांची वाट आता कुठल्या तरी दूरच्या संगणकातून जाते. आणि या वाटेवर जो अडथळा वारंवार उभा राहतो, त्याचे नाव खेड्यापाड्यांतील निरक्षर माणसालाही पाठ झाले आहे: ‘सर्व्हर डाऊन’.

ही तक्रार एका कचेरीची किंवा एका तालुक्याची नाही. रेशन दुकानातील अंगठ्याच्या यंत्रापासून जिल्ह्याच्या नोंदणी कार्यालयापर्यंत सर्वत्र हेच दोन शब्द ऐकू येतात. पूर्वी ‘साहेब दौऱ्यावर आहेत’ हे वाक्य जे काम करीत असे, तेच काम आता हे दोन शब्द करतात. फरक इतकाच, की दौऱ्यावर गेलेल्या साहेबाला नाव होते, हुद्दा होता आणि त्याच्याविरुद्ध अर्ज करता येत होता. सर्व्हरला नाव नाही, हुद्दा नाही आणि उत्तरदायित्वही नाही. वस्तुतः ‘सर्व्हर डाऊन’ हे कारणच नव्हे. कारण झाकणारे ते पांघरूण आहे. वीज गेली, जोडणी तुटली, गर्दी पेलवली नाही, प्रमाणपत्राची मुदत संपली, की वर्षानुवर्षे न बदललेली आज्ञावली शेवटी कोसळली, यांपैकी काय घडले हे नागरिकाला सांगितले जात नाही. या सर्व कारणांपैकी शेवटच्या कारणाचा, म्हणजे सर्व्हरवरील आज्ञावलींच्या देखभालीचा, विचार समाजवादी कार्यकर्त्याने का केला पाहिजे, हे सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

न गंजणारी वस्तू का झिजते?

सर्व्हर म्हणजे मागेल त्याला माहितीचे पान काढून देणारा संगणक. त्यावर मागणी स्वीकारून उत्तर धाडणारी एक आज्ञावली असते. अपाचे आणि एनजिनएक्स ही त्यांतील दोन सर्वपरिचित नावे. जगातील बहुसंख्य सर्व्हर लिनक्स या कार्यप्रणालीवर चालतात आणि लिनक्सवर प्रत्येक आज्ञावली एकेका पॅकेजच्या, म्हणजे बांधून ठेवलेल्या गठ्ठ्याच्या, रूपाने बसविली जाते. एक गठ्ठा दुसऱ्यावर अवलंबून असतो, दुसरा तिसऱ्यावर. पान पाठविणारी आज्ञावली वेगळी, संदेश कुलूपबंद करणारी वेगळी, नोंदी साठविणारी वेगळी. एका साध्या सर्व्हरवरदेखील असे शेकडो गठ्ठे एकमेकांच्या आधाराने उभे असतात.

आता कोणी विचारील, की लोखंड गंजते, लाकडाला वाळवी लागते, पण आज्ञावली तर निव्वळ अक्षरांची बनलेली. तिची झीज कशी होते? तिची अक्षरे झिजत नाहीत हे खरे, परंतु तिच्या भोवतालचे जग बदलते. आज निर्दोष भासणाऱ्या रचनेत उद्या कोणाला तरी खिंडार सापडते. ते सापडले की प्रसिद्ध केले जाते आणि त्यावरचे ठिगळही बहुधा त्याच दिवशी उपलब्ध होते. मात्र ही जाहीर सूचना जशी राखणदार वाचतो, तशीच चोरही वाचतो. त्या क्षणापासून ज्याने ठिगळ लावले नाही, त्याच्या वाड्याचे भगदाड साऱ्या जगाला ठाऊक झालेले असते.

२०१७ साली अमेरिकेतील इक्विफॅक्स या पतमापन कंपनीत हेच घडले. अपाचे स्ट्रट्स या आज्ञावलीतील दोष मार्च महिन्यात जाहीर झाला होता, दुरुस्तीही उपलब्ध झाली होती. कंपनीने ती वेळेवर लावली नाही. मे ते जुलै या काळात सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची खासगी माहिती चोरीला गेली. हा चोरांच्या अफाट बुद्धीचा पराक्रम नव्हता. राहून गेलेल्या एका कामाचा तो परिणाम होता.

शिवाय प्रत्येक आवृत्तीला ठरावीक आयुष्य असते. डेबियन किंवा उबुंटूसारख्या लिनक्सच्या वितरणांत एका आवृत्तीला सामान्यतः पाच वर्षे सुरक्षेची ठिगळे मिळतात. त्यानंतर ती आवृत्ती निराधार होते. पीएचपी या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या भाषेच्या ७.४ या आवृत्तीची मुदत नोव्हेंबर २०२२ मध्ये संपली. ज्या संस्थळाची रचना त्या आवृत्तीवर झाली, त्याला नव्या आवृत्तीवर नेणे म्हणजे जुने कलम बदलून पुन्हा तपासणे आलेच. हे काम एकदा करून संपत नाही. ते शेतीच्या भांगलणीसारखे आहे; तण आज काढले म्हणून पुढच्या महिन्यात काढायचे चुकत नाही.

कळ दाबण्याचे काम नव्हे

‘यात विशेष ते काय? एक आज्ञा टंकली की सर्व गठ्ठे आपोआप नवे होतात,’ असे म्हणणारे अधिकारी आणि कंत्राटदार पुष्कळ भेटतील. आज्ञा एकच असते, हे खरे. परंतु ती देण्यापूर्वी व दिल्यानंतर जे करावे लागते, तेच खरे काम होय. सर्व्हरवर कोणकोणते गठ्ठे आहेत, याची यादी हवी. सर्व नोंदींची प्रत वेगळ्या ठिकाणी काढलेली हवी आणि ती प्रत परत बसविता येते, हे करून पाहिलेले हवे. तसाच दुसरा चाचणीचा सर्व्हर हवा. बदल प्रथम तेथे करून सातबारा निघतो की नाही, फेरफार चढतो की नाही, हे तपासले पाहिजे. नवा गठ्ठा बसताना ‘तुमची जुनी मांडणी ठेवू की नवी घेऊ’ असा प्रश्न विचारतो. या प्रश्नाचे चुकीचे उत्तर दिले तर चालता सर्व्हर बंद पडतो. कुलूपबंद करणारी लायब्ररी बदलली तरी चालू असलेली आज्ञावली स्मरणात जुनीच प्रत धरून बसते. ती पुन्हा सुरू केल्याखेरीज बदलाचा उपयोग नसतो. असा सर्व्हर जुन्या रोगासह चालत असतो आणि कागदोपत्री मात्र बरा झालेला असतो. काम फसले तर मागे फिरण्याची वाट आधीच आखलेली असावी लागते. आणि हे सर्व लोकांची गर्दी नसताना, म्हणजे बहुधा रात्री, करावे लागते.

घाईने केलेला बदल किती महागात पडतो, हेही जगाने पाहिले आहे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीने पाठविलेल्या एका सदोष बदलामुळे विंडोज प्रणालीचे सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. विमाने खोळंबली, रुग्णालयांची कामे अडली. म्हणजे बदल न करणे जसे धोक्याचे, तसेच न तपासता करणेही धोक्याचे. यातून निघणारा निष्कर्ष एकच आहे: हे कुशल, सावध आणि नित्याचे श्रम आहेत. आणि जेथे श्रम आहेत तेथे ते कोण करतो, त्याला काय मिळते आणि त्याचे फळ कोणाच्या पदरात पडते, हे प्रश्न आलेच. हे प्रश्न तंत्रज्ञांचे नव्हेत, ते आपले आहेत.

गोधडीची गोष्ट

ज्या आज्ञावलींबद्दल आपण बोलत आहोत, त्यांतील बहुतेक कोणा एका मालकाच्या नाहीत, ही गोष्ट आपल्या पक्षाच्या वाचकाला मुद्दाम सांगितली पाहिजे. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. आज्ञावली वापरण्याचे, उघडून पाहण्याचे, बदलण्याचे आणि वाटण्याचे स्वातंत्र्य सर्वांना असावे, हे त्यामागचे सूत्र होते. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहून खुला केला. अपाचेची जन्मकथा तर अधिक बोलकी आहे. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या केंद्रात सार्वजनिक पैशातून एक सर्व्हर आज्ञावली तयार झाली होती. १९९४ मध्ये तिचा मुख्य लेखक ती संस्था सोडून गेला आणि आज्ञावली पोरकी झाली. तेव्हा ती वापरणारी ठिकठिकाणची माणसे आपापली ठिगळे एकमेकांना पाठवू लागली. १९९५ मध्ये आठ जणांच्या गटाने ती सारी ठिगळे एकत्र शिवली आणि अपाचे सर्व्हर उभा राहिला. वर्षभरात तो जगातील सर्वाधिक वापराचा सर्व्हर झाला. आपल्याकडील आजीने जुन्या लुगड्यांची गोधडी शिवावी आणि ती साऱ्या घराच्या उबेला पुरावी, तसे हे झाले.

नफ्याच्या प्रेरणेशिवाय माणूस काही निर्माण करीतच नाही, असे सांगणाऱ्या अर्थपंडितांना याहून सडेतोड उत्तर शोधून मिळणार नाही. परंतु या उत्तरावरच संतुष्ट राहणे भाबडेपणाचे ठरेल. कारण ज्या सामाईक कुरणाची मशागत असंख्य हातांनी केली, त्यात चरणाऱ्यांमध्ये जगातील सर्वांत धनाढ्य कंपन्या आघाडीवर आहेत, आणि कुरणाची राखण करणारे मात्र थोडे, थकलेले व पुष्कळदा बिनपगारी आहेत.

७ एप्रिल २०१४ रोजी ओपन-एसएसएल या आज्ञावलीतील ‘हार्टब्लीड’ नावाचा दोष जाहीर झाला. जगातील बँका, दुकाने, सरकारे यांचे संदेश कुलूपबंद करणारी ही आज्ञावली. आणि हा दोष तीत दोन वर्षे नांदत होता. चौकशीअंती लोकांना कळले, की या आज्ञावलीवर पूर्ण वेळ काम करणारा माणूस एकच होता आणि तिला देणग्यांतून वर्षाला मिळत होते जेमतेम दोन हजार डॉलर. आग लागल्यावर मोठ्या कंपन्यांनी निधी उभारला. पण आग लागेपर्यंत फुकटचे पाणी प्यायला कोणाचीच हरकत नव्हती.

याहूनही अधिक बोध घेण्याजोगा प्रसंग २०२४ चा आहे. एक्सझेड नावाची माहिती आकुंचित करणारी एक लहानशी आज्ञावली एक थकलेला राखणदार एकट्याने सांभाळीत होता. मदतीच्या मिषाने एका टोपणनावाच्या व्यक्तीने दोन वर्षांहून अधिक काळ चिकाटीने काम करून त्याचा विश्वास संपादन केला आणि शेवटी आज्ञावलीतच चोरदरवाजा ठेवला. मायक्रोसॉफ्टमध्ये काम करणारे आंद्रेस फ्रॉइंड यांना एका प्रवेशाला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद अधिक लागतो असे दिसले. त्यांनी त्याचा पाठपुरावा केला आणि २९ मार्च २०२४ रोजी हा प्रकार उघडकीस आला. बहुतेक वितरणांच्या स्थिर आवृत्त्यांत तो शिरण्यापूर्वीच जग वाचले. पन्हाळ्यावर ‘अंधार बाव’ आहे. पाण्याची विहीर, तिच्यावर मजल्यांची इमारत, पहारेकऱ्यांना राहण्याची जागा, अशी तिची रचना आहे. पाण्यात विष कालवणे हा वेढा घालणाऱ्याचा सर्वांत सोपा उपाय असतो, हे बांधणाऱ्याला ठाऊक होते. म्हणून पाण्याबरोबर पहाराही बांधला गेला. आजच्या जगाने विहिरी सामाईक ठेवल्या, पण पहारेकऱ्याच्या भाकरीची सोय केली नाही.

कंपनीच्या औदार्यावर विसंबून राहण्याचा अनुभवही काही वेगळा नाही. सेंटओएस हे लिनक्सचे विनामूल्य वितरण जगभरातील असंख्य संस्थांनी आपल्या सर्व्हरवर बसविले होते. रेड हॅट ही कंपनी २०१९ मध्ये आयबीएमच्या मालकीची झाली. डिसेंबर २०२० मध्ये तिने जाहीर केले, की सेंटओएसच्या ८ व्या आवृत्तीचा आधार २०२१ अखेर काढून घेण्यात येईल. तोपर्यंत ही मुदत २०२९ पर्यंत असल्याचे लोक धरून चालले होते. एका कंपनीच्या एका निर्णयाने आठ वर्षांचे नियोजन एका वर्षावर आले. तेथेही पुढे वाट काढली ती मुख्यतः समुदायानेच: रॉकी लिनक्स, अल्मालिनक्स अशी नवी वितरणे उभी राहिली. परंतु जी संस्था आपल्या सर्व्हरवर काय आहे, हे जाणणारा एकही माणूस पगारावर ठेवीत नाही, तिला अशी वाट सापडणार कशी?

निविदेत न बसणारे श्रम

आता आपल्या शासनाकडे वळू. आपल्या राज्यव्यवस्थेला बांधणे आवडते, राखणे आवडत नाही. नव्या योजनेला उद्घाटन असते, कोनशिला असते, जाहिरात असते. डागडुजीला यांपैकी काहीच नसते. संस्थळ तयार करण्याची निविदा निघते. सर्वांत कमी दर भरणाऱ्याला काम मिळते. तो आपली माणसे कंत्राटावर नेमतो. मुदत संपली की माणसे जातात आणि त्यांच्याबरोबर सर्व्हरची माहितीही जाते. पुढे आवृत्ती बदलायची म्हटले तर ‘ते आमच्या कामाच्या व्याप्तीत नाही’ असे उत्तर येते. मग जो अधिकारी सर्व्हरला हात लावील, त्याच्यावर बंद पडल्याचा ठपका येणार आणि जो काहीच करणार नाही, तो बदली होईपर्यंत सुरक्षित राहणार. अशा व्यवस्थेत काही न करणे हेच शहाणपणाचे ठरते, यात नवल ते काय?

२३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या सर्व्हरवर हल्ला झाला. देशभरातून आलेल्या गोरगरीब रुग्णांची नोंदणी कित्येक दिवस हाताने करावी लागली. पाच सर्व्हर बाधित झाले होते आणि जाळ्याची विभागणी नीट नसणे हे कारण असल्याचे सरकारने संसदेत सांगितले. म्हणजे देशातील सर्वश्रेष्ठ सार्वजनिक रुग्णालयातही घर नीटनेटके ठेवण्याचे काम राहून गेले होते.

आणि या इमारतीच्या तळाशी कोण आहे? गावोगावचे संगणक परिचालक. २०११ मध्ये ‘संग्राम’ या नावाने ग्रामपंचायतींत संगणक आले, पुढे त्यांची ‘आपले सरकार सेवा केंद्रे’ झाली. परंतु परिचालक कंपनीमार्फत नेमलेला, तुटपुंज्या मानधनावरचाच राहिला. किमान वेतन आणि ग्रामपंचायत कर्मचाऱ्याचा दर्जा, या मागण्यांसाठी ही मुले-मुली वर्षानुवर्षे मुंबईत आणि नागपुरात मोर्चे काढीत आली. सर्व्हर बंद पडला की गावकऱ्यांचा रोष त्यांच्यावर निघतो. सर्व्हर चालविण्याचा अधिकार मात्र त्यांना नाही. शेतकऱ्याची अडवणूक आणि परिचालकाची पिळवणूक एकाच धोरणातून निघाली आहे, हे दोघांनाही पटवून देणे हे आपल्या कार्यकर्त्यांचे काम आहे.

पन्हाळ्याच्या इतिहासात या धोरणाचा एक जुना दाखला आहे. कोल्हापूर संस्थानातील किल्ल्यांची राखण गडकरी करीत आणि त्या सेवेबद्दल त्यांच्याकडे जमिनी होत्या. १८४४ मध्ये इंग्रजांच्या पाठबळाने नेमलेल्या कारभाऱ्याने या व्यवस्थेवर हात टाकला. सामानगड आणि भुदरगड येथील गडकऱ्यांनी दरवाजे बंद करून उठाव केला. त्याचे लोण पन्हाळ्यापर्यंत आले. १ डिसेंबर १८४४ रोजी इंग्रज फौजेने पन्हाळा घेतला. पुढे चार दरवाजा पाडला गेला आणि गडकऱ्यांची शिबंदी मोडली. ती वतनी व्यवस्था सरंजामी होती, जन्मावर आधारलेली होती. ती परत यावी, असे आपल्यापैकी कोणीही म्हणणार नाही. पण तिच्या नाशाबरोबर आणखी एक गोष्ट नष्ट झाली: गडाची डागडुजी हे ज्याचे नेमून दिलेले काम आहे, असा माणूस. राखणदार गेला की तट आपोआप ढासळू लागतो. तो पाडायला तोफ लागत नाही.

याउलट दाखलाही याच मातीत आहे. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पावसाळा सरल्यावर दगडी खांबांमध्ये बरगे घालायचे, पाणी अडवायचे आणि पुढचा पावसाळा येण्यापूर्वी ते काढायचे. ज्या वर्षी हे काम चुकते, त्या वर्षी बंधारा असून नसल्यासारखा होतो किंवा पुराचे पाणी अडून शेतात पसरते. बंधारा म्हणजे नुसते खांब नव्हेत. दरवर्षी बरगे घालणारे आणि काढणारे हातही त्या बंधाऱ्याचाच भाग आहेत. सर्व्हरचेही तसेच आहे.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप आपल्याच घरातून येईल: ‘महागाई, बेकारी, जातीय तेढ हे ज्वलंत प्रश्न असताना संगणकाची डागडुजी कसली काढता?’ या मित्रांना एक आठवण करून द्यावीशी वाटते. १९६० च्या दशकात आयुर्विमा महामंडळात संगणक आणण्यास कर्मचाऱ्यांनी कडवा विरोध केला. १९८३ मध्ये बँक कर्मचारी संघटनांनी यंत्रीकरणाविषयी करार केला. त्या लढ्यांवर पुढे पुष्कळ टीका झाली. परंतु त्यांचा मूळ प्रश्न रास्त होता: यंत्र कोणाच्या नियंत्रणात आणि कोणाच्या हितासाठी? यंत्र तर आले. त्या प्रश्नाचे उत्तर मात्र आपण मागायचे सोडून दिले. आज सातबारा ज्या यंत्रात आहे, त्या यंत्राचा प्रश्न हा जमिनीचाच प्रश्न होय.

दुसरा आक्षेप समोरच्या बाकावरून येईल: ‘सरकारला हे जमणार नाही; सगळे सर्व्हर मोठ्या खासगी कंपन्यांच्या स्वाधीन करा, त्या वेळच्या वेळी सर्व बदलतील.’ कोल्हापूरकरांनी हा युक्तिवाद रस्त्यांच्या बाबतीत ऐकला आहे. शहरातील रस्ते खासगी कंपनीने बांधावेत आणि टोल घ्यावा, या योजनेविरुद्ध प्रा. एन. डी. पाटील आणि कॉ. गोविंद पानसरे यांच्या पुढाकाराने जनता उभी राहिली. पानसरे यांचा फेब्रुवारी २०१५ मध्ये खून झाला. डिसेंबर २०१५ मध्ये टोल रद्द झाल्याचे पाहायला ते राहिले नाहीत. कंपनीला काम देण्यालाच सर्वस्वी विरोध करावा, असे नाही. परंतु ज्याला आपले घर कोठे गळते हे समजत नाही, त्याला गवंड्याने लावलेली किंमत निमूटपणे मोजावी लागते. शासनाजवळ स्वतःचे जाणकार नसतील, तर खासगी नाका रस्त्यावरून उठून सातबाऱ्याच्या वाटेवर उभा राहील.

सरकारला हे जमत नाही, हे म्हणणेही खरे नाही. केरळ राज्याने शाळांतील संगणक शिक्षण मुक्त आज्ञावलींवर उभे केले. तेथील शाळांसाठी लिनक्सचे स्वतंत्र वितरण तयार केले जाते, त्याच्या नव्या आवृत्त्या काढल्या जातात आणि शिक्षकांना त्यांचे प्रशिक्षण मिळते. २००१ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पाला २०१७ मध्ये ‘काइट’ या सरकारी संस्थेचे रूप देण्यात आले. भारत सरकारनेही २०१५ मध्ये मुक्त आज्ञावलींच्या स्वीकाराचे धोरण जाहीर केले आहे. पण धोरण म्हणजे कोनशिला. केरळने जे अधिक केले, ते म्हणजे राबणारी माणसे आणि टिकणारी संस्था.

आपण काय मागावे?

पहिली मागणी अशी, की प्रत्येक शासकीय संगणक प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात देखभाल आणि आवृत्तीबदल यांसाठी दरवर्षी वेगळी तरतूद असावी आणि ती इतरत्र वळविता येऊ नये. दुसरी, सार्वजनिक सर्व्हरांची जबाबदारी घेणारा कायम सेवेतील तंत्रज्ञांचा वर्ग जिल्हा पातळीपर्यंत असावा. संगणक परिचालकांना किमान वेतन व सेवेचा दर्जा द्यावा आणि त्यांतील होतकरूंना प्रशिक्षण देऊन या वर्गात घ्यावे. तिसरी, कोणती सेवा केव्हा बंद पडली, किती वेळ बंद राहिली आणि कशामुळे, याची नोंदवही दरमहा जाहीर व्हावी. सुरक्षेचे कारण पुढे करून ती दडविता येणार नाही. झालेल्या बिघाडाचे कारण सांगणे म्हणजे चोराला किल्ली देणे नव्हे.

चौथी मागणी सर्वांत निकडीची आहे. सर्व्हर बंद आहे म्हणून कोणालाही रिकाम्या हाताने परत पाठविले जाऊ नये. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्काचा कायदा आहे. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा त्याने नागरिकाचा हक्क मानला आहे. तेव्हा अर्ज कागदावर घ्यावा, त्याच दिवसाची पोच द्यावी, मुदत त्या दिवसापासून मोजावी आणि ज्याचे काम अडल्याने कर्जाची किंवा विम्याची तारीख उलटेल, त्याला ती तारीख वाढवून मिळावी. यंत्राच्या बिघाडाचा भुर्दंड यंत्राच्या मालकाने सोसावा, दारात उभ्या असलेल्या माणसाने नव्हे.

पाचवी मागणी सामाईक विहिरीविषयी. जर्मनीच्या सरकारने २०२२ पासून अशा मूलभूत मुक्त आज्ञावलींच्या देखभालीसाठी सार्वजनिक निधी द्यायला सुरुवात केली आहे. आपला सारा राज्यकारभार ज्या आज्ञावलींवर चालतो, त्यांच्या राखणदारांना आपल्या देशानेही पैशाचा आणि माणसांचा वाटा दिला पाहिजे. हे दान नव्हे, घेतलेल्या श्रमाचा तो मोबदला होय.

यातला काही भाग आपल्या हातातलाही आहे. आपल्या कार्यकर्त्यांच्या वजनाने चालणाऱ्या सहकारी संस्था, पतपेढ्या, शिक्षणसंस्था आणि कामगार संघटना यांचेही सर्व्हर कुठे तरी चालतात. ते कोण सांभाळतो, शेवटचा आवृत्तीबदल केव्हा झाला, नोंदींची प्रत परत बसवून कोणी पाहिली आहे काय, हे तीन प्रश्न येत्या संचालक मंडळाच्या बैठकीत विचारता येतील. पन्हाळा तालुक्यातील साथींनी ग्रामसभेत आणि तहसीलदारांसमोर पोचपावतीचा प्रश्न उचलला, तर त्याला मोर्चाही लागणार नाही. शंभर शेतकऱ्यांचे शंभर कागदी अर्ज आणि प्रत्येकावर आवक-जावक नोंदवहीचा क्रमांक, इतके पुरे आहे. ज्या कचेरीला ‘सर्व्हर बंद असल्याने काम झाले नाही’ हे आपल्या हाताने, तारखेसह लिहून द्यावे लागेल, ती कचेरी त्याच संध्याकाळी वर विचारणा करील, की सर्व्हर बंद का आहे. आणि त्या विचारणेला उत्तर देण्यासाठी का होईना, डागडुजी हे कोणाचे तरी नेमून दिलेले काम करावे लागेल.